मागोमेनीतली भिशी

शनिवारी दुपारी आमची फुंडी कधीच सापडायची नाही. फुंडी म्हणजे कारागीर. टांझानियातल्या दार-एस्-सलाममध्ये सुतार, गवंडी, मेकॅनिक, शिंपी, सगळे फुंडीच. आमची फुंडी उपांगा भागात एका इमारतीच्या जिन्याखाली पायाचं मशीन टाकून बसायची. माझं साडीवरचं ब्लाउज पहिल्यांदा हातात घेऊन तिने विचारलं होतं, हे मुलीचं आहे का? मग नमुन्याचं ब्लाउज उसवून तिने कागदावर कटिंग उतरवलं, दोन ब्लाउजं बिघडवली, आणि तिसऱ्याला बाही अशी बसवली की आमच्या चिपळूणच्या शिंप्याने बघत राहावं.

तर शनिवार. एकदा मला घाईने फॉल लावून हवा होता आणि ती दोन वाजताच मशीनवर कापड टाकून निघालेली. कुठे निघालीस म्हटल्यावर म्हणाली, उपातु. माझं स्वाहिली तेव्हा भाजीबाजारापुरतं. तिने बोटांवर मोजत समजावलं. आम्ही बाराजणी. दर शनिवारी प्रत्येकीने वीस हजार शिलिंग द्यायचे. सगळे मिळून दोन लाख चाळीस हजार. ते त्या आठवड्याला एकीला. पुढच्या शनिवारी दुसरीला. बारा आठवड्यांत सगळ्यांचं होतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

“अगं, ही तर भिशी!” मी मराठीतच ओरडले. तिला काय कळणार? पण हसली.

माझी आई चिपळुणात वीस वर्षं भिशी चालवायची. शंभर पानी वही, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि मागच्या पानावर कुणी किती उशीर केला त्याच्या खुणा. कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या मुलाची कॉलेजची फी, एकीचं तर मंगळसूत्र सोडवलेलं मला आठवतं. उपांगातही आमची एक भिशी होती, भारतीय बायकांची. ती हॉटेलात व्हायची. पैसे असायचे, पण मुख्य म्हणजे साड्या आणि हाउसी. मला तिथे तीन वर्षांत कधी कुणाला पैशांची गरज असलेली दिसली नाही. मग ती भिशी कसली?

म्हणून मी फुंडीला विचारलं, मला घ्याल का?

हे 2016 सालच्या जानेवारीतलं. उत्तर यायला पुरते दोन आठवडे लागले. मला वाटलं होतं, पैसे देणारी कुणी आली तर आनंदच असेल. तसं नव्हतं. पहिली शंका अशी की म्हिंदीला उपातु कशाला हवा? म्हिंदी म्हणजे भारतीय. (मक्यालाही तिथे मुहिंदीच म्हणतात, त्यामुळे भाजलेली कणसं विकणाऱ्या पोरांना माझ्याकडे बघून विनोद सुचायचे.) त्यांच्या लेखी म्हिंदी म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागचा माणूस. त्याच्याकडे बँक असते, तिजोरी असते, परदेशात भाऊ असतो. उद्या विमानात बसून निघून गेली तर तिला कुठे शोधायचं? ही दुसरी शंका, आणि ती रास्त होती हे पुढे मीच सिद्ध केलं.

माझ्या बाजूच्या शंका वेगळ्या. हॉटेलातल्या भिशीत मी हे बोलून गेले तर टेबल गप्प झालं. एकीने विचारलं, त्यांच्यावर विश्वास टाकतेस? आपल्या लोकांत स्थानिकांसाठी एक शब्द चालतो, तोही तिने वापरला. मी तो इथे लिहीत नाही. या बाईच्या सासरचे चार पिढ्या आफ्रिकेत, तिची मुलं तिच्या स्वतःच्या हातून नाही, तर आफ्रिकन आयाच्या हातून जेवलेली. पण आयाच्या घरी ती एकदाही गेलेली नव्हती. आणि मी तरी काय, तीन वर्षांत कुणाकडे गेले होते? दारात आलेल्या माणसांशीच माझी ओळख. त्यांच्या दारात मी उभी राहिलेच नव्हते.

शेवटी निरोप आला: ये, पण म्धामिनी आण. म्धामिनी म्हणजे जामीन राहणारी व्यक्ती. शब्दाची गंमत नंतर कळली. आपला जामीन आणि त्यांचा म्धामिनी, दोन्ही एकाच अरबी मुळाचे. आपल्याकडे तो जमिनीवरून आला, त्यांच्याकडे गलबतातून. फुंडीच माझी जामीन राहिली. मी बुडवलं तर ती भरणार.

भिशी भरायची मागोमेनीत. उपांगाहून मोरोगोरो रस्त्याने जांग्वानीचा सखल पट्टा ओलांडला की मागोमेनी. अंतर काही फार नाही, पण माझ्या ओळखीच्या भारतीय बायकांपैकी कुणी तिथे उतरून चाललेलं नव्हतं. मी पहिल्या वेळी बजाजीने गेले. रिक्षाला तिथे बजाजी म्हणतात. आमच्या आकुर्डीच्या बजाजचं आडनाव तिथे सामान्यनाम होऊन बसलंय. दुसऱ्या कंपनीची रिक्षा आली तरी तीही बजाजीच. स्टॉपचं नाव मागोमेनी मापिपा. मापिपा म्हणजे पिंपं. पिपा आणि पिंप, दोन्ही पोर्तुगीजांनी मागे ठेवलेले शब्द.

घर जुन्या स्वाहिली पद्धतीचं. मधून सरळ बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे अंगण, आणि पुढे बाराझा, म्हणजे आपला ओटाच. आत जाण्यापूर्वी फुंडीने “होडी!” अशी हाक दिली. आतून “कारिबू” आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मालकीणबाई सत्तरीच्या. सगळ्या त्यांना बिबी म्हणत. तिथे बिबी म्हणजे आजी. फुंडीने मला कोपराने ढोसलं आणि मी घोकून आणलेलं म्हटलं, “शिकामू.” मोठ्यांना करायचा नमस्कार. त्याचा अर्थ ‘पाय धरते’ असा सांगतात. बिबीने “मराहबा” म्हणून तो स्वीकारला आणि मला चटईवर जागा दिली. तीन वर्षं मी या शहरात सगळ्यांना नुसतंच जांबो करत हिंडत होते. जांबो पर्यटकांसाठी असतं हे मला त्या चटईवर कळलं.

नाती तर सगळी उलटीपालटी. दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. फक्त बाबा तेवढे बाबाच. आणि बाईला तिच्या मुलाच्या नावाने ओळखायचं, मामा अमुक, मामा तमुक. आमच्या वाडीतही गण्याची आय, बाळ्याची आय असंच चालायचं, त्यामुळे मला ते लगेच जमलं. माझ्या मुलीचं नाव लावून मी मामा झाले. फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तू आता तुझ्याच मुलीचा मामा?”

बिबी ही त्या उपातुची किजुंबे. निरोप्या, पैसे गोळा करणारी, हिशेब डोक्यात ठेवणारी. वही नाही. हेसाबू, म्हणजे आपला हिशेब, सगळा तोंडी. फिरून फिरून तीच बारा नावं, आणि कुणाची पाळी कितवी, हे सगळ्यांनाच पाठ. चटईच्या मधोमध एक ताट. येईल तिने आपली नोट त्यावर सगळ्यांसमोर ठेवायची. घडी घालून नाही, उघडी. वीस हजार म्हणजे दहा हजाराच्या दोन नोटा. त्या लाल, त्यांच्यावर हत्ती. म्हणून ‘दोन हत्ती’. पाच हजाराच्या जांभळ्या नोटेवर गेंडा. जिला भिशी लागेल तिने बिबीला एक गेंडा द्यायचा, ही तिची दलाली. त्या वेळच्या भावाने दोन हत्ती म्हणजे आपले सहाशे रुपयांच्या आसपास. माझ्यासाठी हॉटेलातल्या एका दुपारचे. वितुंबुआ, म्हणजे गोड आप्पे, विकणाऱ्या बाईसाठी मात्र आठवडाभर पहाटे चारला उठण्याचे.

पैशाला पेसा म्हणतात. तो आपलाच पैसा आहे. जर्मनांच्या अमलात 1890 पासून इथे जे नाणं चाललं त्याचं नावच रुपी होतं. शिलिंग नंतर इंग्रजांबरोबर आले. हे मी नवऱ्याकडून ऐकलेलं उत्साहाने सांगायला गेले. बिबीने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तू दोन हत्ती आणलेस की रुपी?

पहिल्या फेरीत मला बारावा नंबर दिला. चिठ्ठी वगैरे काही नाही, सरळ सांगितलं. आईच्या भिशीतही नव्या बाईला शेवटचीच पाळी असायची. आधी सगळ्यांचं भर, मग तुझं घे. फेब्रुवारी ते एप्रिल मी अकरा शनिवार दोन-दोन हत्ती ठेवत गेले. एप्रिलमध्ये मासिका सुरू झाला, म्हणजे मोठा पाऊस. एका शनिवारी जांग्वानीत पाणी भरलं आणि रस्ता बंद. बजाजीवाला म्हणाला, परत फिरू या. मी लांबच्या वाटेने दोन दालादाला, म्हणजे मिनीबस, बदलून, चपला हातात धरून पोचले तर पाचजणीच आल्या होत्या. बाकीच्यांनी फोनवरून एम-पेसाने पैसे पाठवले होते. “तू का नाही पाठवलेस?” फुंडीने विचारलं. खरं म्हणजे मला सुचलंच नाही. पण बिबीने माझे भिजलेले पाय बघितले आणि आतून स्वतःचा कोरडा कांगा आणून दिला, नेसायला.

कांग्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कांगा म्हणजे सुती छापील कापड, दीड मीटर लांब, साधारण मीटरभर रुंद. विकत घेताना जोडीने मिळतो. एक कमरेला, एक खांद्यावर किंवा डोक्यावर. बाळ पाठीला बांधायला, भाजी गुंडाळायला, मयताला, लग्नाला, सगळ्याला कांगा. चारी बाजूंनी काठ, त्याला पिंडो म्हणतात. मधला भाग म्जी, म्हणजे गाव. आणि खालच्या काठाच्या वर चौकटीत एक ओळ छापलेली असते, म्हण किंवा टोमणा किंवा आशीर्वाद. त्या ओळीला जिना, म्हणजे नाव, म्हणतात. या ओळी छापायला सुरुवात केल्याचं श्रेय मोंबासाच्या कादरदिना हाजी एसाक यांना देतात. भारतीय वंशाचं हे दुकान 1887 पासूनचं, आणि ‘माली या अब्दुल्ला’ ही त्याची खूण आजही कांग्यावर दिसते. आता कांगे टांझानियातही छापतात आणि भारतातूनही येतात. म्हणजे गुजरातेतल्या छापखान्यातला माणूस स्वाहिलीतले टोमणे छापतो, ज्यातलं त्याला अक्षर कळत नाही.

आणि ते टोमणे नुसते शोभेचे नसतात. बाई काय नेसून आली त्यावरून तिला काय म्हणायचंय ते समजायचं. तोंडाने बोललं तर भांडण होतं, कापडाने बोललं तर कुणी काही म्हणू शकत नाही. पावसात मला दिलेल्या कांग्यावर होतं, ‘हबा ना हबा हुजाझा किबाबा.’ थोडं थोडं करून मापटं भरतं. थेंबे थेंबे तळे साचे. मी मोठ्या आवाजात मराठी म्हण म्हणून दाखवली, तर त्यांनी मला ती तीनदा म्हणायला लावली. ‘ळ’ कुणाला जमला नाही.

23 एप्रिलला माझी भिशी लागली. दोन लाख चाळीस हजार. त्याआधीच्या अकरा भिश्यांचं काय झालं ते मला माहीत होतं. एकीने छपरावर नवे पत्रे टाकले. एकीने बर्फाचं डबडं घेतलं, आता उकवाजूचं, म्हणजे चिंचेचं, सरबत विकते. सरकारी शाळांची फी त्याच वर्षी जानेवारीपासून माफ झाली होती, पण गणवेश आणि वह्या कुठे माफ होतात? दोघीतिघींचे पैसे तिकडे गेले. मी काय केलं? मुलीचा वाढदिवस. केक, फुगे, परतीच्या भेटी. फुंडीने पुढच्या शनिवारी सहज विचारलं, काय घेतलंस? मी म्हटलं, घरासाठी थोडं सामान. खोटं बोलले. तिच्या डोळ्यांसमोर फुगे आणायची लाज वाटली. आजही त्या उपातुबद्दल कुणी फार कौतुकाने बोललं, भारत-आफ्रिका मैत्री वगैरे, की मला ते फुगे आठवतात. एकाच ताटात आम्ही सारखेच दोन हत्ती ठेवत होतो, पण त्यांचं वजन सारखं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या निघाल्या आणि मला तिसरा नंबर आला. बिबीने चिठ्ठी दोनदा बघितली. बदलली मात्र नाही. 14 मेला मी भिशी उचलली, बिबीला गेंडा दिला, आणि पुढचे नऊ आठवडे भरायचं देणं डोक्यावर घेतलं. आईच्या भाषेत, भिशी खाऊन बसले.

जूनच्या मध्यावर पुण्याहून फोन आला, सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय. दुसऱ्या दिवशीच्या विमानात मी आणि मुलगी. निघताना तीन आठवड्यांचे साठ हजार शिलिंग पाकिटात घातले, वर फुंडीचं नाव लिहिलं, नवऱ्याला म्हटलं, हे उद्या जिन्याखाली नेऊन दे. त्याने मान डोलावली. पुण्यात गेल्यावर दवाखान्याच्या चकरा, टांझानियाचं सिमकार्ड पर्समध्ये पडलेलं. माझ्या डोक्यातून मागोमेनी साफ गेलं.

7 जुलैला परत आले. सासरे बरे होते. घरी फ्रिजवर हात फिरवला तर धूळ, आणि धुळीत गाडीच्या जास्तीच्या किल्लीखाली ते पाकीट. जसंच्या तसं. नवरा म्हणाला, “अगं हो की!” या तीन शब्दांवर मी त्याच्याशी किती दिवस बोलले नाही ते सांगत नाही.

पण भीती दुसरीच होती. मधे रमझान झाला होता, आदल्याच दिवशी ईद. बिबी आणि आमच्यातल्या सातजणी मुसलमान. ईदच्या तोंडावर ज्यांना भिशी लागणार होती त्यांनी पोरांच्या कपड्यांचे बेत केलेले. आणि त्याच तीन शनिवारी माझे दोन हत्ती ताटात नाहीत. भिशी उचलली आणि म्हिंदी विमानात बसून गेली. त्यांनी जानेवारीत जे बोलून दाखवलं होतं, अगदी तेच.

फुंडीला फोन लावला तर ती मोशीला गावी गेलेली, रेंज नाही. शनिवारी, 9 तारखेला, मी एकटीच निघाले. तोवर नव्या म्वेंडोकासी बस सुरू झाल्या होत्या. मापिपाला उतरून गल्लीत शिरेपर्यंत मी स्वाहिलीत वाक्यं जुळवत होते. सासरे आजारी, नवरा विसरला, पाकीट फ्रिजवर. स्वाहिलीत सांगितलं की सगळंच खोटं वाटायला लागतं.

“होडी!”

“कारिबू.”

कुणी काहीच बोललं नाही. चटईवर जागा झाली. सासऱ्यांची चौकशी झाली. “पोले,” सगळ्या म्हणाल्या. वाईट झालं, कष्ट झाले, सावकाश घे, या सगळ्यांसाठी तो एकच शब्द. पाकिटाचं नाव नाही. मग बिबी आतून चहाची किटली घेऊन आली. नवा करकरीत निळा-पांढरा कांगा नेसून. ती मला पाठमोरी होऊन पेले भरू लागली. माझ्यापाशी जरा जास्तच वेळ पाठमोरी उभी राहिली. कमरेच्या मागे, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, चौकटीत ठळक अक्षरं.

‘दावा या देनी नि कुलिपा.’

मला शब्दकोश लागला नाही. दावा म्हणजे दवा. देनी म्हणजे देणं. कुलिपा, फेडणं, हे तर बाजारात रोज ऐकते. देण्याला औषध एकच, फेडणं.

मी पाकीट काढलं आणि सहाच्या सहा नोटा ताटावर उघड्या मांडल्या, त्या दिवसाचे दोन हत्ती वेगळे. कान गरम झाले होते. मी त्या ओळीकडे बोट करून म्हटलं, “निमेसोमा.” वाचलं मी. आधी एकजण फिसकन हसली, मग सगळ्याच, आणि सगळ्यांत शेवटी बिबी, तोंडावर पदरासारखा तोच कांगा धरून. सोमवारी फुंडी परत आल्यावर कळलं की माझे साठ हजार बिबीने स्वतःच्या खिशातून भरले होते, एकाही बाईची ईद चुकवली नव्हती. जामीन फुंडी होती, पण गावी जाताना तिच्याकडे काही नव्हतं. आणि तो कांगा बिबीचा नव्हताच. शेजारणीकडे आहे हे माहीत होतं, म्हणून खास त्या दिवसापुरता मागून आणला होता.

मी दंड विचारला. तिथे उशिराला दंड असतो, फाइनी. बिबी म्हणाली, पैसे नकोत. पुढच्या शनिवारी फेरीचा शेवट आहे, चहा आणि वितुंबुआ तू कर. इथे येऊन, माझ्या अंगणात.

वितुंबुआ म्हणजे आपले गोड आप्पेच. एक असला तर कितुंबुआ. रात्रभर भिजवलेले तांदूळ, नारळाचं दूध, साखर, वेलची आणि हमिरा, म्हणजे खमीर. खळग्यांच्या लोखंडी तव्यात थोडं थोडं तेल सोडून भाजायचे. मी शुक्रवारी संध्याकाळीच तांदूळ भिजवून नेऊन ठेवले. शनिवारी दुपारी बिबीने माझ्यापुढे एक बुटकं लाकडी आसन टाकलं. पुढे जिभेसारखं लोखंडी पातं, त्याला दाते. त्याला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. आसनावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि नारळाची वाटी दात्यांवर फिरवायची. चिपळूणला आमच्या खवणीवर एक पाय दुमडून बाजूला बसायची सवय, त्यामुळे आधी तोल गेला. पण हात बसल्यावर मात्र सरसर निघालं. करवंटीपर्यंत गेले नाही, तांबूस चुरा पडू दिला नाही. वितुंबुआवाली बाई वाकून माझ्या कामाकडे बघत होती. “हे तुला कुणी शिकवलं?” आईने, म्हटलं. मग मात्र तिने मला म्हिंदी म्हणणं सोडलं. निदान त्या दिवशी तरी.

खोबरं गरम पाण्यात कुस्करून पिळलं. पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. तांदूळ मी उखळात कांडायला तयार होते, पण त्यांनी हसून शेजारच्या पोराला मिक्सर आणायला पिटाळलं. जात्या-उखळाचं कौतुक आपल्यालाच असतं, रोज कांडणाऱ्यांना नाही. जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, तवा तापला. माझा पहिला घाणा चिकटला. दुसरा करपला. वितुंबुआवालीला राहवेना, तिने चमचा काढून घेतला आणि मनगटाच्या एका झटक्याने सातही उलटवले.

मी हौसेने थोडं पीठ तिखटाचंही आणलं होतं, उडीदडाळ घालून आंबवलेलं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेलं. आपले खरे आप्पे खाऊन बघा म्हटलं. त्यांनी एक-एक घेतला. बिबीने चावून विचारलं, पीठ आंबलंय हे तुला माहीत आहे ना? कढीपत्ता सगळ्यांनी बोटांनी काढून बशीच्या कडेला ठेवला, मोहरी थुंकली नाही एवढंच. माझे आप्पे पडले. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात त्यातली देवाण बऱ्याचदा अशीच बशीच्या कडेला उरते. पोरं मात्र चटणीवर तुटून पडली.

त्या आठवड्यात आपले पंतप्रधान दारला येऊन गेले होते आणि राष्ट्राध्यक्ष मागुफुलींबरोबर त्यांनी ढोल वाजवल्याचं टीव्हीवर सारखं दाखवत होते. बिबीने चहाचा घोट घेत निकाल दिला, तुमचा माणूस ढोल बरा वाजवतो. त्या भेटीत कसले करार झाले, ते चटईवर कुणीच विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं.

मग ताट पुसून मधे ठेवलं. दुसऱ्या फेरीची शेवटची भिशी बर्फाच्या डबड्यावालीला गेली. तिने बिबीला गेंडा दिला. आणि तिसऱ्या फेरीसाठी वहीचं पान फाडून बारा चिठ्ठ्या झाल्या. त्या कांग्याच्या गाठीत घालून हलवल्या, सर्वांत लहान नातवाने एकेक काढली. माझा नंबर अकरावा.

“छान,” फुंडी म्हणाली, “आता अकरा आठवडे तरी तू कुठे जात नाहीस.”

मी पर्समधून पुढच्या शनिवारचे दोन हत्ती काढून आत्ताच ठेवले. बिबीने ते उचलले, उजेडात धरले आणि मोजले. दोनच होते, तरी दोनदा मोजले.